गाडीची इमर्जन्सी किट: आपल्या रस्त्याची अन् आपल्या माणसांची

आधी काहीच विकत घेऊ नका. ऑनलाइन तयार किट मिळते ती तर अजिबात मागवू नका. मी मागवली होती, छान लाल बॅग, आत शिट्टी, टॉर्च, होकायंत्र, दहा-बारा पट्ट्या, छोटी कात्री, चमकणारी चादर, अन् मला वाटलं झालं आपलं काम, डिक्कीत टाकली अन् विसरून गेलो.

मग दोन वर्षांआधी, पोळ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट, बाबांना घेऊन वावरात पऱ्हाटी (कापसाचं पीक) पाहायला गेलो. डांबरी रस्ता सोडून पांदणीत अर्धा किलोमीटर आत गेलो असेल नसेल, समोरचं डावं चाक काळ्या मातीत बसलं. तुम्हाला माहीतच आहे आपली विदर्भातली माती, वरून वाळल्यासारखी दिसते अन् आत लोणी. जितकं अॅक्सिलेटर दिलं तितकं चाक खाली. तासभर दगड टाक, फांद्या टाक, असं चाललं होतं. बाबांनी सकाळी इन्सुलिन घेतलेली अन् जेवण घरी येऊन करायचं ठरलेलं. ते बांधावर बसले होते, मी पाहिलं तर घामानं शर्ट ओला, हात थरथर करून राहिले, अन् म्हणतात, "मले काहीतरी होऊन राह्यलं रे." लाल बॅग पालथी केली, त्यात साखरेचा एक दाणा नव्हता. बाजूच्या वावरात बाया निंदत होत्या, त्यातल्या एका काकूनं शिदोरीतला गुळाचा खडा आणून दिला, लिंबाएवढा होता, तो बाबांनी चघळला, वरून पाणी पिलं, पंधरा-वीस मिनिटांनी माणूस माणसात आला. ट्रॅक्टर तर संध्याकाळी आला.

त्या रात्री मी वही घेतली अन् किट पहिल्यापासून बांधली. तीच रीत सांगतो.

वहीत पहिल्या पानावर लिहा, मागच्या दोन-तीन वर्षांत गाडी कुठं कुठं अडली अन् कशानं. माझ्या पानावर आलं: चिखलात फसली तीनदा, पंक्चर पाचदा (त्यातले दोन तुरीच्या खुंटानं, कापून गेलेल्या तुरीचं खुंट चाकूसारखं असतं, एक बाभळीच्या काट्यानं), बॅटरी उतरली एकदा, इंजिन गरम झालं एकदा, रात्री रोही (नीलगाय) आडवा आला एकदा. दुसऱ्या पानावर गाडीत नेहमी बसणाऱ्या माणसांची नावं अन् प्रत्येकापुढं त्याचं दुखणं, रोजची गोळी, अॅलर्जी, ब्लड ग्रुप. तिसऱ्या पानावर नेहमीचे रस्ते, वावर, बाजाराचं गाव, तालुका, जिल्ह्याचा दवाखाना, पोरीचं होस्टेल, जे असेल ते. ही तीन पानं भरली की किटमध्ये काय पाहिजे ते तुम्हाला कोणी सांगायची गरज राहत नाही. गडचिरोलीकडच्या माणसाचं पान अन् अकोल्याकडच्या माणसाचं पान एकसारखं निघणारच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, किटचे दोन भाग करा. एक डिक्कीत राहणारा अन् एक घरातल्या दाराजवळच्या खुंटीवर टांगलेला. हे कशासाठी, तर आपलं ऊन. नवतप्यात (मे अखेरचे तापाचे नऊ दिवस) आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो अन् उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत ६० च्या पुढं जातं. औषधाच्या कितीतरी पाकिटांवर लिहिलेलं असतं की २५ किंवा ३० डिग्रीच्या खाली ठेवा. म्हणजे डिक्कीत वर्षभर पडलेली औषधं म्हणजे नुसतं समाधान. पॉवर बँक, लायटर, स्प्रेची बाटली, सॅनिटायझर हेही उन्हाळ्यात गाडीत सोडायचं नाही, पॉवर बँक फुगते, लायटर अन् स्प्रे फुटू शकतात.

म्हणून खुंटीची थैली. आमची थैली खताच्या दुकानातून मिळालेली साधी कापडी पिशवी आहे, आईनं तिला आतून दोन कप्पे शिवले. गाडीची चाबी त्याच खुंटीवर, थैलीच्या खाली अडकवलेली, थैली काढल्याशिवाय चाबी हाती येतच नाही. ही एक युक्ती केली नसती तर थैली दहातले आठ वेळा घरीच राहिली असती. थैलीत बाबांची शुगर तपासायची मशीन अन् पट्ट्या, एका डबीत ग्लुकोज पावडर, गुळाचे खडे, बिस्किटाचा पुडा, सगळ्यांच्या रोजच्या गोळ्या दोन-दोन दिवसांच्या (पाकिटासकट, सुट्या नाही, नाव अन् तारीख दिसली पाहिजे), ओआरएसची चार पाकिटं, पॉवर बँक अन् वायर. बाबांची इन्सुलिन छोट्या थर्मासमध्ये, कापडात गुंडाळून. ती बर्फाला चिकटवून ठेवायची नाही, गोठली की गेली, अन् गाडीत सोडून बाजार करायचा नाही, थैली माणसासोबत उतरते.

शुगर उतरल्याची खूण घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा: घाम, थरथर, भलतंच बोलणं, चिडचिड. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या, बरं वाटलं की भाकर-पोळी काहीतरी खाऊ घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवायचं अन् १०८.

तुमच्या घरी शुगर नसेल, दुसरं काही असेल. माझ्या बहिणीच्या पोराला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, पूर्व विदर्भात, अन् मेळघाटाकडे, हा आजार कितीतरी घरांत आहे. तो आमच्या गाडीत बसणार असेल त्या दिवशी थैलीत वेगळं सामान जातं. त्याची स्वतःची दोन लिटरची बाटली, कारण पाणी कमी पडलं की त्याला दुखणं उठू शकतं, एक स्वेटर भर उन्हाळ्यातही, कारण एसीच्या गारव्यानंही उठू शकतं, डॉक्टरनं लिहून दिलेली दुखण्याची गोळी, थर्मामीटर, अन् सिकलसेल कार्डाची झेरॉक्स. नवीन दवाखान्यात रात्री दोन वाजता पोरगं रडत असताना तोंडी सांगत बसण्यापेक्षा कार्ड समोर ठेवलेलं बरं. घरात दम्याचं माणूस असेल तर पंप, फिट येणारं असेल तर त्याची गोळी अन् फिट किती वेळ चालते हे लिहिलेली चिठ्ठी, छातीचा त्रास असेल तर कोणती गोळी कधी द्यायची हे आपल्या डॉक्टरकडूनच लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवरून नाही. लहान लेकरू असेल तर कपड्याचा एक जोड, गरोदर बाई असेल तर फाइल अन् १०२ नंबर.

आता डिक्की. डबा म्हणून मी पेंटची रिकामी दहा लिटरची बादली वापरतो, घट्ट झाकणाची, धुऊन. धूळ जात नाही, पाणी आणायला कामी येते, पालथी घालून बसायला होते. बियाण्याचा, फवारणीच्या औषधाचा डबा कितीही चांगला दिसला तरी नको. बादली जुन्या ट्यूबच्या पट्टीनं डिक्कीच्या हुकाला बांधून टाका, ब्रेक मारल्यावर सुटं सामान उडतं अन् मागं बसलेल्याच्या डोक्याला लागतं.

चिखलासाठी दोन रिकामी पोती, बारदान्याची, प्लास्टिकची घसरतात. एक फावडं छोट्या दांड्याचं. अन् एक फळी, सागाची किंवा बाभळीची, फूटभर लांब, फूटभर रुंद, दीड इंच जाड. ही फळी कोणत्याच तयार किटमध्ये नसते अन् आपल्याकडे तिच्याशिवाय जॅक म्हणजे लोखंडाचा तुकडा आहे, काळ्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. फळी ठेवा, तिच्यावर जॅक, मग उचला. फसल्यावर अॅक्सिलेटर देऊ नका, चाकापुढची माती फावड्यानं उतरती काढा, पोतं चाकाखाली खुपसा, पहिल्या गिअरमध्ये हळूच, चाकामागं कोणी उभं राहायचं नाही, पोतं गोळीसारखं मागं येतं.

ट्रॅक्टरनं टोचन करायचं असेल तर जाड नाडा पाहिजे, कपडे वाळवायचा दोर नाही. गाडीच्या टूलकिटमध्ये एक जाड हुक असतो, बंपरवर छोटं झाकण असतं ते काढून त्यात तो पूर्ण आवळून बसवायचा. कितीतरी लोकांना हा हुक असतो हेच माहीत नाही अन् मग नाडा बंपरला किंवा खालच्या सळईला बांधतात अन् ते तुटून येतं. नाडा ताणला की त्याच्या रेषेत कोणी थांबू नका, मधोमध एक ओलं पोतं टाकून ठेवा, तुटला तर झटका कमी बसतो. ट्रॅक्टरवाल्या भाऊला आधीच सांगा, झटका नको, हळू ओढ.

पंक्चरसाठी स्टेपनी आहे का अन् तिच्यात हवा आहे का हे आजच पाहा. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, काही सीएनजी गाड्यांत तिला जागाच नसते. ट्यूबलेसचं पंक्चर किट (टोचा, चॉकलेटी चिकट वाती, सोल्युशन) अन् सॉकेटवर चालणारा हवेचा पंप हे दोन मिळून स्टेपनीपेक्षा जास्त वेळा कामी येतात, निदान माझ्या तरी आले. काटा किंवा खुंट लगेच उपटू नका, वाती तयार ठेवा मग उपटा. चाक बदलायचं झालं तर नट आधी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक, अन् लावताना समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. कंपनीच्या पान्याचं हॅन्डल आखूड असतं, घरच्या बायांना जोर पुरत नाही, म्हणून दीड-दोन फूट लांबीचा जीआय पाइप ठेवा, पान्यात घातला की माझी पंधरा वर्षांची पोरगी नट सोडते.

समृद्धी महामार्गानं जाणं-येणं असेल, नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाण्याकडच्या कितीतरी लोकांचं आता असतं, नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाल्यापासून, तर टायरवरचा चार आकडी नंबर वाचायला शिका. २३२१ लिहिलं असेल तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलं. गावात ४० च्या स्पीडनं फिरणारी जुनी टायरं घेऊन तिथं १२० नं तासन्‌तास चालवू नका, सिमेंटचा रस्ता, वरून ऊन, टायर तापतं. हवा थंड टायरमध्ये, निघायच्या आधी तपासा, म्हणून डिक्कीत हवेचं छोटं मीटर. त्या रस्त्यावर फाट्याफाट्यावर टपरी नाही, पाणी अन् खाणं घरूनच.

बॅटरीसाठी जंपर केबल, जाड तांब्याची. आपल्याकडे मदतीला कार कमी अन् ट्रॅक्टर जास्त येतो, ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, चालते. मोठ्या ट्रकची २४ ची असते, ती लावू नका, गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जळते. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चालू बॅटरीच्या प्लसला, काळी चालू बॅटरीच्या मायनसला, अन् काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही. काढताना उलट. हे मी कागदावर लिहून केबललाच सुतळीनं बांधलं, अंधारात कोणाच्याही लक्षात राहत नाही.

पाणी उन्हाळ्यात माणशी दोन लिटर अन् वेगळी पाच लिटरची कॅन गाडीसाठी. काटा लालकडे चालला तर एसी बंद, हीटर फुल, हसू नका, हीटर इंजिनची गरमी ओढतो, तेवढ्यात सावली गाठा अन् इंजिन बंद करा. झाकण अर्धा तास तरी उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं. दुपट्टा तर आपल्याकडे असतोच, तरी एक जास्तीचा सुती दुपट्टा बादलीत ठेवा, ऊन लागलेल्या माणसाला सावलीत घेऊन तोच ओला करून अंगावर टाका अन् वारा घाला, हात मोडला तर तोच झोळी, जखमेवर दाबायलाही तोच. खिशात कांदा ठेवण्याची रीत आमच्याही घरी आहे, ठेवा, पण पाण्याची कॅन विसरून नाही. ऊन लागलेला माणूस बरळत असेल, अंग तापलेलं असेल तर घरी नेऊन झोपवायचं नाही, सरळ दवाखाना. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं अर्धं नाही.

पेट्रोल-डिझेलची बाटली डिक्कीत कोणीच ठेवू नका. अजिबात नको.

पावसाळ्यात आमच्या गाडीत दोन गोष्टी वाढतात. एक म्हणजे सापाचं. वावरातून माणूस न्यायची वेळ येते तेव्हा गाववाले पहिले आपल्याच गाडीकडे धावतात. तर रुंद क्रेप बँडेज दोन, अन् पायाच्या लांबीच्या दोन चपट्या पट्ट्या. चावलेला पाय किंवा हात पट्टी लावून, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा बांधायचा, हलू द्यायचा नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, जोडवी-बांगड्या-अंगठ्या लगेच काढायच्या कारण सूज येते, पेशंटला चालवायचं नाही, उचलून आणायचं. साप शोधत बसू नका. मण्यार रात्री झोपेत चावते अन् खूण नीट दिसतही नाही, दुखतही नाही, म्हणून "काही नाही झालं" म्हणून थांबू नका. निघतानाच ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारा, सापाचं इंजेक्शन आहे का, डॉक्टर आहे का, नसेल तर रस्त्यातच गाडी पुढच्या दवाखान्याकडे वळवता येते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दुसरं फवारणीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड झाली ते आपण पाहिलं, म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर बादलीत एक साबण, रबरी हातमोजे, जुनी लुंगी अन् जुनं लुगडं ठेवतो. माणूस गाडीत घालायच्या आधी त्याचे भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, दुसरं नेसवा, काचा खाली ठेवा. नाही तर तेच विष गाडीभर अन् चालवणाऱ्याच्याही अंगात. मीठ पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा, डॉक्टरला नाव लागतं.

नाल्याला पूर असेल, रपट्यावरून पाणी असेल तर किटमध्ये त्यासाठी काहीच नाही, थांबणं हेच आहे. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत मोठीही जाते. तरी काच फोडायची हातोडी, बेल्ट कापायच्या पात्याची, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिक्कीत ठेवून उपयोग शून्य. बाजूची काच, तीही कोपऱ्यावर मारायची, समोरची फुटत नाही. आग विझवायचा एक किलोचा सिलिंडरही सीटखालीच.

फोनवर भरवसा ठेवू नका, जंगलपट्ट्यात रेंज नाही. एक कागद लॅमिनेट करून ग्लोव्ह बॉक्समध्ये: ११२, १०८, नॅशनल हायवेसाठी १०३३, ग्रामीण रुग्णालय, मेकॅनिक, अन् नेहमीच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याचा नंबर. हे ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर मी महिनाभर चहा पीत पीत जमवले. त्याच कागदाच्या मागं रस्त्यावरचे फाटे ओळीनं लिहा. १०८ वाला पहिला प्रश्न विचारतो कुठं आहात, अन् घाबरलेल्या माणसाला फाट्याचं नाव आठवत नाही. फाटा, किलोमीटरचा दगड, नसेल तर विजेच्या खांबावरचा नंबर, एवढं सांगता आलं पाहिजे. अपघातातल्या अनोळखी माणसाला नेताना पोलिसांच्या लफड्याला भिऊ नका, २०१९ च्या मोटार कायद्याच्या दुरुस्तीत १३४-अ कलम आलं, चांगल्या मनानं मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

रात्रीसाठी टॉर्च, तिचे सेल बाहेर काढून रबरबँडनं तिलाच बांधलेले, नाही तर उन्हानं सेल गळून टॉर्च खराब होते, माझी त्या लाल बॅगेतली तशीच गेली. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गावच्या रस्त्यावर पन्नास पावलं मागं, हायवेवर शंभरच्या वर. आपल्याकडे दगड अन् फांद्या ठेवतात अन् गाडी दुरुस्त झाली की तसेच सोडून जातात, रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. ठेवले तर उचला.

दिवस कसे लक्षात ठेवायचे तर सणावर. पाडव्याला बादली उन्हाळ्याची: पाणी वाढवा, रबराच्या वस्तू तपासा. मृग लागला की पोती, नाडा, पट्ट्या, साबण. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा होतेच, त्याच दिवशी सगळं सामान अंगणात चादरीवर मांडा, तारखा पाहा, अन् घरातल्या प्रत्येकाला एकदा चाक काढायला लावा. आईला टॉर्च कुठं आहे हे अंधारात शोधता आलं पाहिजे.

अन् बादलीत एक लाल-पांढरा रिफ्लेक्टर टेपचा रोल टाका. डिक्कीच्या झाकणाच्या आतल्या बाजूनं दोन पट्ट्या लावा म्हणजे झाकण उघडं असलं तरी मागच्याला चमक दिसते. उरलेला रोल तसाच ठेवू नका, कापूस वेचणी सुरू झाली की संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या बंड्यांना (बैलगाड्यांना) मागं काहीच नसतं, रस्त्यात बंडी थांबलेली दिसली की "काका, दोन मिनिटं" म्हणून मागच्या आडव्या लाकडावर धूळ पुसून वीतभर पट्टी चिटकवून द्या, ट्रॉलीला दोन्ही कोपऱ्यांवर द्या.